दूरचा श्रोता आणि मीडिया सर्व्हरची निवड



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रात अशा मालांतून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांवर बोलले गेले आहे. आजचा आमचा विषय त्या मानाने रुक्ष वाटेल. संकेतस्थळावरून व्हिडिओ दाखवावयाचा असेल, तर त्यासाठी मीडिया सर्व्हरचे सॉफ्टवेअर कोणते निवडावे, हा तो विषय. हा प्रश्न कारागिरांचा आहे, तो सभेपुढे कशाला आणावा, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, ज्या संस्था अशा सभा भरवितात त्यांच्याच दारात हा प्रश्न आज येऊन उभा राहिला आहे. आणि तो कारागिरांवर सोपवून कार्यकारी मंडळ मोकळे झाले, तर पुढे जे हातचे जाईल ते कारागिराचे नसेल, संस्थेचे असेल.

थोडा विचार करा. नागपूरचा उन्हाळा कसा असतो हे या सभेस सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला की सायंकाळी सहा वाजतादेखील वृद्ध माणसाला महालातून किंवा इतवारीतून सभागृहापर्यंत येणे जिवावर येते. गडचिरोलीच्या शाळामास्तरांना, भंडाऱ्याच्या वाचनालयातील मंडळींना यावेसे वाटले तरी रात्री परतावयाचे कसे, हा प्रश्न असतोच. ज्यांची मुले पुण्यास किंवा अमेरिकेस गेली, त्या मुलांनाही आपल्या गावची व्याख्याने ऐकावीशी वाटतात. सभागृहात दोनशे माणसे असली, तर त्याच्या बाहेर असे दूरचे श्रोते किती तरी असतात. त्यांच्यापर्यंत व्याख्यान पोहोचवावे, ही इच्छा रास्त आहे. पोहोचवावे कसे, आणि पोहोचविता पोहोचविता ते आपल्या हातून निसटू नये यासाठी काय करावे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दूरच्या श्रोत्याला काही ऐकविणे ही गोष्ट नागपूरला नवी नाही. येथील नभोवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे १९८८ साली आकाशवाणीने रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू केली, ती नागपूरच्या एक हजार किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकाच्या बळावर. देशाच्या मध्यावर असलेल्या या नगरीतून निघालेला आवाज रात्रीच्या वेळी दूरदूरच्या प्रांतांत ऐकू जात असे. ती वाहिनी २०१९च्या आरंभी बंद झाली. परंतु नभोवाणीचा एक गुण येथे लक्षात घेण्याजोगा आहे. प्रक्षेपक एकदा चालू झाला की, तो हजार घरांत ऐकला काय किंवा एक लाख घरांत ऐकला काय, विजेचे बिल तेवढेच येते. नवा श्रोता फुकट मिळतो.

इंटरनेटचा कारभार अगदी उलटा आहे. येथे प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र नळ जोडावा लागतो. शंभर माणसे पाहत असतील, तर तेच व्याख्यान सर्व्हरला शंभर वेळा पाठवावे लागते. नवा श्रोता आला की नवा खर्च आला. हा एक फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला पुढचा सारा विषय समजला असे म्हणावयास हरकत नाही. कारण मीडिया सर्व्हरची निवड म्हणजे बहुतांशी या खर्चाचा हिशेब आहे.

तो हिशेब आपण येथेच मांडू. मोबाइलच्या पडद्यावर वक्त्याचा चेहरा नीट दिसावा आणि आवाज स्वच्छ यावा, यासाठी सेकंदाला एक मेगाबिट एवढा ओघ पुरतो. एका तासात त्याचे साडेचारशे मेगाबाइट होतात आणि दीड तासाच्या व्याख्यानाचे पावणेसातशे. पाचशे माणसे एकाच वेळी पाहत असतील, तर सर्व्हरच्या तोंडाशी सेकंदाला पाचशे मेगाबिटांची वाट मोकळी पाहिजे, आणि दीड तासात एकंदर सुमारे तीनशे अडतीस गिगाबाइट वाटले जातील. सात दिवसांची माला असेल, तर हा आकडा दोन हजार तीनशे गिगाबाइटांच्या वर जातो. संस्थेच्या कार्यालयात शंभर मेगाबिटांची जोडणी असेल, तर कागदावरदेखील ती शंभर प्रेक्षकांना पुरेल, व्यवहारात साठ-सत्तरांनाच.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. तेच व्याख्यान अधिक चांगल्या प्रतीत, म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबिट या मापाने, आपल्याजवळ साठवून ठेवावयाचे असेल तर किती जागा लागते? दीड तासाला सुमारे एक गिगाबाइट आणि सातशे मेगाबाइट. सात व्याख्यानांना बारा गिगाबाइट. वीस वर्षांच्या माला घेतल्या तरी दोनशे चाळीस. एवढे सारे आज खिशात मावणाऱ्या एका डिस्कवर राहते आणि वर जागा उरते. म्हणजे साठवण स्वस्त आहे आणि वाटप महाग आहे. आमच्या आजच्या प्रतिपादनाचा सर्व भार या एका वाक्यावर आहे. संस्था नेमक्या याच्या उलट वागतात. वाटप महाग म्हणून ते दुसऱ्याच्या स्वाधीन करतात, ते ठीकच आहे. पण त्याबरोबर स्वस्तातली साठवणही त्याच्याच स्वाधीन करून बसतात, हे ठीक नाही.

आता मीडिया सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. सभागृहातला कॅमेरा एकच ओघ पाठवितो. तो ओघ घेणारे, त्याच्या मोठ्या, मध्यम आणि लहान अशा प्रती काढणारे, त्या मागेल त्याला पुरविणारे आणि जमल्यास त्याच वेळी एक प्रत नोंदवून ठेवणारे सॉफ्टवेअर म्हणजे मीडिया सर्व्हर. प्रती का काढावयाच्या? धरमपेठेतल्या घरी जलद जोडणी असते, तिला मोठी प्रत चालते. एटापल्लीच्या बाजूला मोबाइलचा एखादाच दांडा दिसतो. तेथे तीच प्रत पाठविली तर वक्ता दर दोन वाक्यांना गोठून बसतो. तेथे सेकंदाला तीनशे किलोबिटांची लहान प्रत गेली पाहिजे. हे प्रती काढण्याचे काम संगणकाला फार कष्टाचे असते, आणि सर्व्हरसाठी किती ताकदीचे यंत्र घ्यावयाचे ते मुख्यतः त्यावर ठरते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. सर्व्हर संस्थेच्या कपाटात असला पाहिजे असे मुळीच नाही. सभागृहातून बाहेर जाणारा ओघ एकच, दोन-तीन मेगाबिटांचा असतो. त्याची पाचशे पट सर्व्हरजवळ होते. म्हणून मुंबईसारख्या ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये एखादे यंत्र भाड्याने घेऊन सॉफ्टवेअर तेथे बसविणे शहाणपणाचे. मे महिन्यातल्या दुपारच्या वावटळीत नागपूरची वीज गेली, तरी जुनी व्याख्याने पाहणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

व्हिडिओ पाठविण्याच्या रीती अनेक झाल्या, आणि त्यांच्या इतिहासात आपल्यासाठी एक धडा आहे. १९९५ साली रिअल-ऑडिओ आले. ते ऐकावयास त्याच कंपनीचा प्लेअर लागे. पुढे मॅक्रोमीडिया कंपनीने २००२ साली फ्लॅशवर चालणारा सर्व्हर काढला. २००५ साली ती कंपनी अडोबीने घेतली. त्या काळात संकेतस्थळावर व्हिडिओ म्हणजे फ्लॅश, असे समीकरणच होते. आरटीएमपी नावाच्या रीतीने हा व्हिडिओ पाठविला जाई आणि पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये फ्लॅश असल्याखेरीज तो दिसत नसे. मग ॲपलने आयफोनवर फ्लॅश येऊ दिले नाही. २०१७ साली अडोबीने फ्लॅशची अखेर जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार बंद केला. ज्यांचे सारे भांडार केवळ फ्लॅशच्या साच्यात होते, त्यांना ते नव्या साच्यात ओतावे लागले. ज्यांच्याजवळ तसे करावयास माणूस नव्हते, त्यांची पाने कोरी झाली. व्हिडिओ होता, सर्व्हर होता, पाहणाराही होता. मधली किल्ली तेवढी मोडली.

२००९ साली ॲपलने एचएलएस नावाची रीत काढली, तिने मात्र चित्र पालटले. ही रीत नागपूरकरांना संत्र्याच्या उपमेने चटकन कळेल. संबंध फळ एकदम तोंडात कोंबावयाचे नाही, फोडी करून एकेक द्यावयाची. व्याख्यानाचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करतात, आणि कोणता तुकडा कोठे आहे याची एक यादी ठेवतात. पाहणाऱ्याचा ब्राउझर यादी वाचतो आणि एकेक तुकडा मागवितो. जोडणी मंदावली तर पुढचा तुकडा लहान प्रतीतला मागवितो. हे तुकडे म्हणजे साध्या फायली असतात. छायाचित्र किंवा मजकूर देणारा कोणताही सामान्य वेब सर्व्हर त्या देऊ शकतो. या रीतीचा तपशील उघडपणे प्रसिद्ध झालेला आहे. डॅश नावाची तशीच दुसरी रीत २०१२ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली होती.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोलाचा आहे. जुनी, नोंदविलेली व्याख्यानेच तेवढी दाखवावयाची असतील, तर खास मीडिया सर्व्हरची गरजच उरत नाही. एफएफएमपेग नावाचे मोफत सॉफ्टवेअर व्याख्यानाचे तुकडे करून देते, आणि संस्थेचा असलेला वेब सर्व्हर ते पुरवितो. मीडिया सर्व्हर लागतो तो थेट प्रक्षेपणासाठी. तेव्हा पुष्कळ संस्थांनी सॉफ्टवेअर कोणते, हे विचारण्याच्या अगोदर ते लागते काय, हे विचारावे. पंगतीला पंधरा पाने मांडावयाची असताना लग्नाचा आचारी बोलाविण्यात अर्थ नाही.

शिवाय तुकड्यांच्या फायलींना एक सोय मिळते. पेंच आणि कन्हानचे पाणी प्रत्येक घराकडे धरणापासून वेगळ्या नळाने येत नाही. ते वस्तीवस्तीच्या जलकुंभांत येते आणि तेथून नळांना जाते. तसेच इंटरनेटवर ठिकठिकाणी जलकुंभ ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या व्यवस्थेला सीडीएन म्हणतात. एक तुकडा एकदा त्यांच्या कुंभात आला की, जवळच्या हजार घरांना तेथूनच मिळतो. मूळ सर्व्हरवरचा भार उतरतो. पैसे मोजावे लागतात, पण गर्दी झाली म्हणून सर्व्हर कोसळत नाही.

मग थेट प्रक्षेपणासाठी कोणते सॉफ्टवेअर आहे? बाजारात विकत मिळणाऱ्यांत वाउझा हे २००७ पासून चालत आलेले नाव आहे. ते निरनिराळ्या रीतींचा ओघ घेते आणि निरनिराळ्या रीतींनी देते; अडचण आली तर कंपनीकडे विचारणा करता येते; मात्र परवान्याचे पैसे भरीत राहावे लागते. मोफत आणि उघड्या सॉफ्टवेअरमध्ये रेड-फाइव्ह हे फ्लॅशच्या काळातले जुने नाव. एन्जिनएक्स हा जगभर वापरला जाणारा वेब सर्व्हर २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याला आरटीएमपीची जोड दिली की कॅमेऱ्याकडून आलेला ओघ तो घेतो आणि एचएलएसचे तुकडे पाडतो. आरटीएमपी पाहणाऱ्याच्या बाजूने मेली, पण पाठविणाऱ्याच्या बाजूने अजून जिवंत आहे, ही मौजेची गोष्ट आहे. ओनकास्ट हे आणखी सोपे आहे: एक संस्था, एक वाहिनी, एक पान. पीअरट्यूब हे फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने वाढविले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१८ साली आली आणि २०२१ पासून त्यात थेट प्रक्षेपणही होते. त्यात जुन्या व्हिडिओंचे भांडार ठेवता येते, आणि एकाच वेळी पाहणारे प्रेक्षक आपल्याकडे आलेले तुकडे एकमेकांना देऊन सर्व्हरचा भार हलका करतात. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसा तो प्रकार आहे.

यांत सर्वांत चांगले कोणते, असे आम्हांस विचारू नये. त्याचे उत्तर काही प्रश्नांवर अवलंबून आहे.

पहिला प्रश्न विलंबाचा. एचएलएसने गेलेले व्याख्यान साधारणपणे पंधरा ते तीस सेकंद उशिरा दिसते. वेबआरटीसी नावाची दुसरी रीत आहे, ती २०२१ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यात विलंब सेकंदाहूनही कमी असतो, म्हणून दोन्हींकडून बोलण्यासाठी तीच चांगली. पण तिच्यात प्रत्येक प्रेक्षकाशी चालू संबंध ठेवावा लागतो आणि साध्या जलकुंभांची सोय मिळत नाही, म्हणून खर्च वाढतो. व्याख्यान अर्ध्या मिनिटाने उशिरा पोहोचले तर कोणाचे काय बिघडते? शंकासमाधान दूरच्या श्रोत्यांसह करावयाचे असेल, तर तेवढ्यापुरती निराळी व्यवस्था करावी. विक्रेता विलंब कमी असल्याची फुशारकी मारील. ती आपल्याला हवी आहे काय, ते आपण ठरवावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. नागपूरला सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा मे महिन्यात न्यू यॉर्कला सकाळचे नऊ वाजलेले असतात. ती कामावर जाण्याची वेळ. परदेशातला श्रोता रात्री किंवा रविवारी ऐकणार. गावातली गृहिणीदेखील स्वयंपाक आटोपल्यावर ऐकणार. आमची अशी समजूत आहे की, व्याख्यानाच्या बाबतीत थेट पाहणाऱ्यांपेक्षा मागाहून पाहणाऱ्यांसाठी अधिक तयारी केली पाहिजे. थेट प्रक्षेपण एका संध्याकाळचे असते. नोंदलेली प्रत वर्षानुवर्षे राहते.

तिसरा प्रश्न आवाजाचा, आणि तो बहुधा कोणी विचारीतच नाही. व्याख्यान ही मुख्यतः ऐकण्याची वस्तू आहे. नुसता आवाज सेकंदाला चौसष्ट किलोबिटांत स्वच्छ जातो. पाचशे श्रोत्यांना मिळून बत्तीस मेगाबिट पुरतात. व्हिडिओला लागत होते पाचशे. दीड तासाचे व्याख्यान ऐकणाऱ्याचा त्रेचाळीस मेगाबाइट डेटा खर्च होतो. आइसकास्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअर हे काम फार थोड्या साधनांत करते. ज्या संस्थेला व्हिडिओचा सर्व्हर झेपत नाही, तिलाही हा आवाजाचा सर्व्हर सहज झेपतो, आणि आमच्या त्या एटापल्लीकडच्या मास्तरांना तोच अधिक उपयोगी पडतो. चित्राच्या हौसेपायी दूरचा श्रोता तुटत असेल, तर ती हौस आवरली पाहिजे.

चौथा प्रश्न माणसाचा. मोफत सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण त्याची निगा फुकट होत नाही. त्याच्या नव्या आवृत्त्या बसवाव्या लागतात, सुरक्षेची भोके बुजवावी लागतात, डिस्क भरत आली तर कोणी तरी पाहावे लागते. संस्थेत हे काम जाणणारा एकच हौशी तरुण असतो. त्याला बेंगळुरूला नोकरी लागली की संकेतशब्दही त्याच्याबरोबर जातात. म्हणून निदान दोन माणसांना येईल तेच सॉफ्टवेअर घ्यावे, आणि ते कसे चालवावे हे मराठीत दोन पानांवर लिहून चिटणिसांच्या दप्तरात ठेवावे. ज्या संस्थेजवळ अशी दोन माणसे नाहीत, तिने स्वतःचा सर्व्हर मांडण्याचा हट्ट धरू नये.

येथे आपण यूट्यूबपाशी येतो. मघापासून काही श्रोत्यांच्या मनात तो प्रश्न घोळत असेल की, एवढा खटाटोप कशाला? यूट्यूब आहे, ते फुकट आहे, ते सर्वांच्या हातात आहे. हे सर्व खरे आहे. २००५ साली निघालेल्या या सेवेने वाटपाचा तो सारा खर्च आपल्या अंगावर घेतला आहे. पाचशे प्रेक्षक आले काय किंवा पन्नास हजार आले काय, संस्थेला बिल येत नाही. तिचा लाभ घेऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याची किंमत पैशात नसली तरी असते. व्याख्यानाच्या मध्ये कोणती जाहिरात यावी, व्याख्यान संपताच श्रोत्याला पुढे काय दाखवावे, हे संस्था ठरवीत नाही. कार्यक्रमाच्या आरंभी वाजलेल्या एखाद्या नाट्यगीतावर यंत्राने हक्क सांगितला, तर खुलासे करीत बसावे लागते. आणि खाते बंद झाले तर दाद मागावयाची ती सातासमुद्रांपलीकडच्या कंपनीकडे.

नागपूर हे उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे गाव आहे, म्हणून उदाहरण न्यायालयांचेच घेतो. न्यायालयाचे कामकाज लोकांना थेट दाखवावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या सप्टेंबरमध्ये स्वप्निल त्रिपाठी यांच्या प्रकरणात दिला. गुजरात उच्च न्यायालयाने २०२० साली यूट्यूबवरून प्रयोग सुरू केला. सर्वोच्च न्यायालयात घटनापीठांच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दिसू लागल्या. त्याच्या आदल्याच दिवशी के. एन. गोविंदाचार्य यांच्या वतीने न्यायालयापुढे असा मुद्दा मांडला गेला की, यूट्यूबच्या अटी पाहता न्यायालयाच्या ध्वनिचित्रमुद्रणावरचा हक्क कोणाचा राहणार? सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने, ही आरंभीची व्यवस्था आहे, पुढे न्यायालयाचे स्वतःचे व्यासपीठ होईल, असे सांगितले. पुढे २० सप्टेंबर २०२४ रोजी काय झाले? न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीत कोणी घुसले, आणि जेथे घटनापीठाची सुनावणी दिसावयाची तेथे एका आभासी चलनाची जाहिरात दिसू लागली. वाहिनी काही काळ बंद ठेवावी लागली. त्याच्या अगोदर २०२२च्या फेब्रुवारीत संसद टीव्हीच्या यूट्यूब वाहिनीतही असेच कोणी घुसले होते, आणि वाहिनीचे नावच एका आभासी चलनाच्या नावाने बदलले गेले होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, स्वतःचा सर्व्हर असता तर हे झाले नसते. तो निष्कर्ष घाईचा होईल. स्वतःच्या सर्व्हरमध्येही चोर शिरतात. किंबहुना निगा नसेल तर अधिक सहज शिरतात. या घटनांतून आम्ही निराळी गोष्ट घेतो. ज्याच्याजवळ मूळ प्रत स्वतंत्र सुरक्षित आहे, त्याची वाहिनी दोन दिवस बंद पडली तरी तिसऱ्या दिवशी तो दुसरीकडून दाखवू शकतो. ज्याची एकमेव प्रत त्या वाहिनीवरच होती, त्याला हात जोडून बसावे लागते.

म्हणून पाचवा प्रश्न, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा: उद्या हे सोडावयाचे झाले तर काय घेऊन निघता येईल? सॉफ्टवेअर घेताना सगळे त्यात शिरावयाचे दार पाहतात. बाहेर पडावयाचे दार आधी पाहावे. सर्व व्हिडिओ सर्वसामान्य साच्यात, त्यांच्या नावांसह, तारखांसह, वक्त्यांच्या यादीसह एका आज्ञेत बाहेर काढता येतात काय? येत असतील तर सॉफ्टवेअर विकतचे असो वा मोफतचे, ते घेण्यास हरकत नाही. येत नसतील तर ते फुकट मिळाले तरी महाग आहे.

आता एखाद्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस सल्ला विचारलाच, तर आम्ही काय सांगू ते थोडक्यात मांडतो. व्याख्यान नोंदविताच त्याची मूळ प्रत एमपी-फोर या सर्वत्र चालणाऱ्या साच्यात दोन डिस्कवर ठेवावी; एक संस्थेत, दुसरी गावातल्या एखाद्या ग्रंथालयात. दरवर्षी त्या उघडून पाहाव्यात, आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. संस्थेच्या संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच नावे नोंदलेले असावे, कोणा व्यक्तीच्या नावे नसावे. आणि लोकांना पत्ता द्यावयाचा तो नेहमी त्या संकेतस्थळाचा द्यावा. त्या पानावर आज यूट्यूबचा व्हिडिओ असेल, उद्या पीअरट्यूबचा असेल. श्रोत्याला पत्ता बदलावा लागू नये. थेट चित्र यूट्यूबवरून द्यावयास हरकत नाही. त्याच्याबरोबर आवाजाचा स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवावा. जुन्या व्याख्यानांसाठी एचएलएसचे तुकडे करून ते साध्या वेब सर्व्हरवरून द्यावेत. भांडार वाढले आणि सांभाळणारी दोन माणसे मिळाली, म्हणजे पीअरट्यूबसारखे सॉफ्टवेअर बसवावे. वक्त्याची लेखी संमती प्रत्येक वेळी घ्यावी, कारण शब्द त्याचे आहेत. वाटप दुसऱ्याला सांगता येते. जतन मात्र ज्याचे त्याने करावयाचे असते.

यावर एक आक्षेप येईल तोही विचारात घेतला पाहिजे. इतकी वर्षे व्याख्याने झाली, हवेत विरली, तरी समाजाचे काही अडले नाही. आता प्रत्येक शब्द साठवून ठेवण्याचा हा सोस कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक व्याख्यान जतन करण्याच्या योग्यतेचे असतेच असे नाही. वक्ता म्हणून आम्हांस ते मान्य आहे. पण कोणते ठेवावे आणि कोणते जाऊ द्यावे, याची निवड समाजाने करावी. ती निवड एखाद्या कंपनीच्या अटीने, बंद पडलेल्या साच्याने किंवा हरवलेल्या संकेतशब्दाने होऊ नये. जुन्या व्याख्यानांपैकी जी छापली गेली ती आज आपण वाचू शकतो, याचे कारण छपाई फार उत्तम होती हे नव्हे. त्यांच्या प्रती अनेक कपाटांत होत्या, आणि त्या उघडावयास कोणाची परवानगी लागत नव्हती, हे त्याचे कारण. विदर्भ साहित्य संघ आणि नागपूर विद्यापीठ या दोन्ही संस्था १९२३ सालच्या. त्यांची शंभरी उलटून गेली. या शंभर वर्षांत नभोवाणी आली, चित्रवाणी आली, कॅसेटी आल्या आणि गेल्या. ज्या मजकुराच्या अनेक प्रती अनेक हातांत होत्या तो टिकून राहिला.

सॉफ्टवेअर आज आहे, उद्या बदलेल. आम्ही आज घेतलेल्या नावांपैकी काही दहा वर्षांनी कोणास आठवणारही नाहीत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. नव्या नावांपुढे याच पाच प्रश्नांची यादी ठेवावी, म्हणजे निवड सहसा चुकणार नाही.